शाकिर उस्ता आणि बाल्कनीतलं धुकं

इथे बुर्सात, आमच्या गल्लीत एक पद्धत आहे. घरात बाई एकटी असेल आणि कामाला गडी माणूस यायचा असेल, तर शेजारणीने येऊन बसायचं. मी विधवा, मुलं आपापल्या संसारात, त्यामुळे बोलावणं बहुतेक मलाच येतं. "मुनेव्वरताई, उद्या शाकिर उस्ता येतोय बॉयलर साफ करायला, जरा बसायला याल?" असं कोणी म्हटलं की मी विणकामाची पिशवी उचलते. अशी बसून बसून मी शाकिर उस्ताला जेवढं पाहिलं, तेवढं त्याच्या सख्ख्या बहिणीनेही पाहिलं नसेल.

उंच, किडकिडीत माणूस. भुवया अर्ध्याच. कधीकाळी ज्योतीने चाटून नेल्या, त्या पुन्हा नीट उगवल्याच नाहीत. त्यामुळे चेहरा कायम नुकता झोपेतून उठल्यासारखा दिसतो. दारात बूट काढून पिशवीतल्या स्वतःच्या सपाता घालणार, बॉयलरखाली पिवळ्या फुलांची एक जुनी चादर अंथरणार, आणि मग ओठांतल्या ओठांत बिस्मिल्ला म्हणून गॅसची तोटी बंद करणार. त्यानंतर मात्र लगेच पेचकस हातात घेत नाही. बॉयलरच्या पत्र्यावर तळवा टेकवून उभा राहतो.

"काय रे, नाडी बघतोस का त्याची?" मी एकदा विचारलं.

"गार होऊ देतोय, ताई. गाढ झोपलेल्याचं पांघरूण एकदम ओढू नये."

मग पत्रा निघतो. आत तांब्याची ती बारीक बारीक पाती, त्यांच्यात वर्षाची धूळ. उस्ता मऊ ब्रशने ती खाली पाडतो. टूथब्रशने कोपरे घासतो, छोट्या पंख्याची पाती एकेक करून पुसतो, पाण्याची जाळी काढून व्हिनेगरमध्ये बुडवून ठेवतो. हे करताना त्याला स्वतःशी बोलायची सवय. हिच्या घरात लोकर विणतात वाटतं, लाल कुसं आहेत. इथे पॉप्लरच्या झाडाचा कापूस आलाय, मे महिन्यातला, बघा अजून कसा पांढरा आहे. ऐकता ऐकता माझ्या हातातल्या सुया थांबतात. बाहेर उलूदागच्या डोंगरावरून ढग उतरत असतात, चहाची किटली मंद आवाज करत असते, आणि हा माणूस कोणाच्या तरी गेलेल्या वर्षाचा कचरा हलक्या हाताने चादरीवर गोळा करत असतो. कित्येकदा माझा डोळा लागलाय तिथे. शेजारणीला राखणीला बसवायचं आणि तिनेच घोरायचं!

उस्ताचे वडील शेगड्या बसवायचे, कोळशाच्या. तेव्हा बुर्सात घरोघरी कोळसा. आणि आमच्याकडे हिवाळ्यात लोडोस सुटतो, दक्षिणेचा गरम वारा. माणसं सुस्तावतात, डोकी जड होतात, थंडीतच कुठून तरी उन्हाळ्याचा वास येतो. पण हाच वारा धुराड्यातला धूर खाली ढकलतो आणि झोपलेली घरं सकाळी उठत नाहीत. लोडोस सुटला की उस्ताचे वडील संध्याकाळी गल्लीगल्लीतून काठीने दारं बडवत जायचे, "शेगड्या विझवा! आज थंडीतच झोपा!" लोक शिव्या द्यायचे, आणि विझवायचे. पुढे गॅस आला, घर आणि पाणी दोन्ही तापवणारे बॉयलर आले, शेगड्या भंगारात गेल्या, म्हातारेही गेले. पण लोडोसच्या दिवशी शाकिर अजून काम घेत नाही. म्हणजे घेतो, पण फक्त जिथे मनात शंका असेल त्या घरी.

त्या नोव्हेंबरात लोडोस सुटलेला असताना तो आपणहून नाझमियेच्या दारी आला.

नाझमिये माझ्या समोरच्या दारातली. तिचा नवरा राइफभाऊ बल्गेरियातला, किर्जालीजवळच्या खेड्यातला. तिथल्या सरकारने आपल्या तुर्की लोकांची नावं जबरदस्तीने बदलली, तेव्हा एका बॅगेनिशी सीमा ओलांडून इकडे तुर्कस्तानात आलेल्यांपैकी. आई मागेच राहिली आणि तिथेच वारली. राइफभाऊ मोटारीच्या कारखान्यात राबले, इथल्या मुलीशी लग्न केलं, पण गावाबद्दल चकार शब्द बोलायचे नाहीत. नाझमिये म्हणायची, "माझ्या नवऱ्याला भूतकाळच नाही गं. जन्माला आला तोच बस स्टँडवर."

उन्हाळ्याच्या शेवटी नाझमियेने स्वयंपाकघराची बाल्कनी काचेने बंद करून घेतली. नवऱ्याची छाती नाजूक, आणि वाऱ्याचा झोत मानेला लागला की माणूस खाटेला खिळतो हे आमच्याकडे तान्ह्या पोरालाही ठाऊक. बॉयलर स्वयंपाकघराच्या भिंतीवर, त्याचा धूर बाहेर टाकणारं नळकांडं त्या बाल्कनीत उघडणारं. काचवाल्याने बजावलं होतं, नळकांड्यासमोरची काच उघडी ठेवा. ठेवलीही, पहिली थंडी पडेपर्यंत. मग त्याच काचेतून झोत येतो म्हणून नाझमियेने ती ओढून घेतली, वर फटीत चिंध्याही कोंबल्या. तिच्या एकटीचीच चूक असं नाही. आमच्या इमारतीत चार घरांनी तेच केलंय. पाहणीला गॅस कंपनीचा माणूस येणार म्हटलं की काचा सरकतात, तो गेला की पुन्हा बंद.

आणि मग राइफभाऊंना स्वप्नं पडायला लागली.

दुपारी जेवण झालं की ते बाल्कनीतल्या दिवाणावर लवंडायचे. आत नाझमिये भांडी घासायची, गरम पाण्यासाठी बॉयलर पेटायचा, आणि काचांवर हळूहळू पांढरं धुकं चढायचं. त्या धुक्यात ते झोपायचे. उठल्यावर चेहरा असा, की मी प्रथम पाहिला तेव्हा म्हटलं हा दुसराच कोणी पाहुणा आलाय. गाल गुलाबी, डोळे ओले, ओठांवर हसू.

"मुनेव्वर, आज गेलो होतो," ते म्हणायचे.

"कुठे गेला होतात, राइफभाऊ?"

"घरी. अंगणात सकाळचं धुकं होतं. आई तंबाखूची पानं दोऱ्यात ओवत बसली होती, पाठमोरी. मला माझ्या खऱ्या नावाने हाक मारली."

रोज तेच अंगण, रोज थोडं पुढे. एके दिवशी अंगणापर्यंत, एके दिवशी ओट्यापर्यंत. नाझमिये दाराशी उभी राहून ॲप्रनच्या टोकाने डोळे टिपायची. मला म्हणाली, "आयुष्यभरात माझ्याशी एवढं बोलले नाहीत. अल्लाहने म्हातारपणी दार उघडलं बघ." तेव्हा तिच्या कपाळावर ओला रुमाल बांधलेला होता. हल्ली डोकं फार दुखतं म्हणत होती. मी म्हटलं, लोडोस आहे, सगळ्यांचीच दुखतायत.

तर त्या दिवशी मी तिथेच बसले असताना उस्ता आला. दारातच म्हणाला, "काकू, खालून जाताना वर पाहिलं. तुमच्या सगळ्या काचा पांढऱ्या झाल्यात."

"अरे, वाफ आहे ती. ये, बस, चहा घे आधी."

"चहा नंतर. आधी ती काच उघडतो."

राइफभाऊ दिवाणावर अर्धवट झोपेत होते. उस्ताने बाल्कनीत शिरून चिंध्या उपटल्या आणि एकामागून एक सगळ्या काचा सरकवल्या. गरम वारा आत घुसला. राइफभाऊ ताडकन उठले, म्हणजे उठायला गेले आणि डोलून पुन्हा बसले.

"कोण तो? बंद कर! मान धरेल माझी!"

"मी शाकिर, काका. मान धरली तर मी चोळून देईन. आत चला."

"नाही येत जा! आत्ता कुठे ओट्यावर चढलो होतो मी!"

उस्ता थांबला. त्याने त्यांच्याकडे नीट पाहिलं, त्या गुलाबी गालांकडे. मग स्वयंपाकघरात येऊन वाकला आणि बॉयलरच्या छोट्या काचेतून आत डोकावला. मलाही बोलावलं. एरवी तिथे निळ्या पाकळ्यांची सरळ रांग असते. आज लांबलचक, पिवळ्या, आळसावलेल्या जिभा डोलत होत्या. खरं सांगते, दिसायला सुंदर होत्या. थडग्यावर लावलेल्या मेणबत्त्यांसारख्या.

"ही ज्योत गुदमरते आहे, ताई," तो हळू म्हणाला. "आपलाच धूर परत पिते आहे. आणि काकाही तोच पितायत."

त्याने तोटी बंद केली. त्या दिवशी तळवा टेकवून उभा राहिला नाही, लगेच पत्रा काढला. आतली पाती काजळीने बुजून गेली होती. बोट फिरवून त्याने ते नाझमियेसमोर धरलं. मखमलीसारखं काळं. नाझमियेला समजायला एक क्षण लागला. मग ती स्टूल ओढून बसली.

"म्हणजे माझ्या हाताने मी त्यांना..."

"तुमच्या हाताने काही नाही. झोत लागू नये म्हणून केलंत."

दारात राइफभाऊ भिंत धरून उभे होते. सगळं ऐकलं असणार. "किती वेळ लागतो," त्यांनी विचारलं, "माणूस जायला?"

"ते मला नाही सांगता यायचं, काका. लोडोस आहे. आज सगळ्या काचा बंद राहिल्या असत्या तर आज रात्रीसुद्धा."

"आणि स्वप्न? ते त्या धुरामुळे?"

उस्ताने ब्रश झटकला, पुन्हा झटकला. "मला वाटतं, हो."

राइफभाऊ आत जाऊन भिंतीकडे तोंड करून पडले.

उस्ताने दुपारभर बॉयलर साफ केला. काजळी एवढी निघाली की चादरीवरची पिवळी फुलं दिसेनात. तो निघताना नाझमिये त्याच्या मागे दारापर्यंत आली. आवाज खाली आणून म्हणाली, "उस्ता, अर्धी काच उघडी ठेवली तर? रोज नाही रे. शुक्रवारी. थोडा वेळ. मी शेजारी बसून राहीन, हलवून उठवीन."

मला वाटलं उस्ता ओरडेल. तो ओरडला नाही. "काकू, तो धूर शुक्रवार बघत नाही. आणि शेजारी बसाल तर तुम्हीही झोपाल." मग त्याने काय केलं, तोटीची पिवळी दांडी पेच काढून सोडवली आणि तिच्या तळहातावर ठेवली. "काच कापून नळकांडं बाहेर न्यावं लागेल. नळकांड्याचा तुकडा मागवतो, तो येईपर्यंत बॉयलर बंद. मी दांडी नेली तर काका पक्कड घेऊन तोटी फिरवतील. तुमच्याजवळ असली तर आधी तुमच्याकडे मागतील."

लोडोस पडला आणि दुसऱ्याच दिवसापासून खरी थंडी आली. डोंगर पांढरा झाला. मी माझा विजेचा छोटा हीटर नाझमियेकडे नेऊन दिला, वर तरहानाचं, आंबवलेल्या दह्या-पिठाचं, गरम सूप. राइफभाऊ ओव्हरकोट घालून त्या उघड्या बाल्कनीतच बसायचे, हट्टाने. झोपायचे, काही दिसायचं नाही, आणि उठून बायकोशी अबोला. एवढं एक वाक्य मात्र बोलले, तेही मला ऐकवायला: "सगळ्यांना मला जिवंत ठेवायचंय. कुठे ठेवायचंय ते कोणी विचारत नाही."

तिसऱ्या की चौथ्या दुपारी मी सूप घेऊन गेले तर आवाज ऐकू आले. राइफभाऊ रडत होते. मी स्वयंपाकघराच्या दारातच थबकले.

"एकदाच, नाझमिये. एकच दुपार. ती वळत होती गं. काहीतरी सांगणार होती. मी घरातून निघालो तेव्हा ती मला काही बोलली नव्हती, नुसती चूल सारवत बसली होती. एवढं ऐकू दे, मग कायमची तोड ती काच."

नाझमिये बराच वेळ स्वयंपाकाच्या ओट्याशी उभी होती. थंडीने तिची बोटं लाल झाली होती. मी मनात कुराणातली आयतुल कुर्सी म्हणायला लागले. मग ती बाल्कनीत गेली आणि काचा ओढायला लागली. एक, दुसरी, सगळ्या. चिंध्याही परत कोंबल्या. मग ॲप्रनच्या खिशातून ती पिवळी दांडी काढून नवऱ्याच्या हातात दिली आणि दिवाणावर त्यांच्या शेजारी बसली. पाय वर घेतले, शाल दोघांच्या गुडघ्यांवर ओढली.

"जा, बॉयलर लावून या," ती म्हणाली. "मी इथेच आहे. मलाही बघू दे सासू. लग्नाला एवढी वर्षं झाली, तोंड पाहिलं नाही तिचं."

"तू ऊठ. तू आत जा."

"का? मी नको?"

"वेडी आहेस का? डोकं धरून बसायचीस रोज, ओकाऱ्या यायच्या तुला..." आणि ते बोलता बोलता थांबले.

"तुम्हाला माहीत होतं?"

"बघत होतो. कशामुळे ते आता कळलं."

दांडी त्यांच्या मुठीत होती. काचांवर या वेळी धुकं नव्हतं. समोरच्या छपरांवरचा बर्फ आणि त्यापलीकडे डोंगर स्वच्छ दिसत होता. राइफभाऊंनी त्या सगळ्याकडे किती वेळ पाहिलं कोण जाणे. माझ्या हातातलं सूप निवून गेलं. शेवटी त्यांनी हात लांब करून नळकांड्यासमोरची काच सरकवली. पूर्ण उघडली. थंड वारा थेट त्यांच्या मानेवर आला.

"शाल वर घे," ते बायकोला म्हणाले. "झोत लागेल."

नळकांड्याचा तुकडा आला तेव्हा उस्ताने काचेत गोल भोक पाडून घेतलं, नळकांडं बाहेर काढलं, कडेला सील भरलं. मी नेहमीसारखी विणकाम घेऊन बसले होते, जरी त्या घरी माझी काही गरज नव्हती. दांडी राइफभाऊंनी स्वतः आणून दिली. उस्ताने ती बसवली, जोडांवर साबणाचं पाणी फवारलं, बुडबुडे येत नाहीत ना ते पाहिलं आणि बॉयलर लावला. घरात हळूहळू ऊब चढायला लागली. रेडिएटर टकटक करू लागले. नाझमिये त्यावर हात ठेवून उभी होती, डोळे मिटून.

राइफभाऊ दिवाणावर जाऊन लवंडले. आम्ही सगळे उगाच हळू बोलत होतो. थोड्या वेळाने ते उठून बसले.

"कोणी आलं नाही," म्हणाले.

उस्ता तेव्हा बाल्कनीत वाकून नव्या जोडाची फट बघत होता. त्याने मान वर केली. "नाही यायची, काका."

"तू चांगलं काम करतोस म्हणून."

"हो. राग आलाय?"

"खूप."

"असू दे. मला शिव्या द्या. माझ्या वडिलांनाही देत." मग जरा थांबून त्याने विचारलं, "आईंचं नाव काय होतं? नमाजानंतर दुवा मागेन म्हणतो. नाव माहीत असलं की बरं पडतं."

राइफभाऊंनी मान फिरवली. मला वाटलं पुन्हा भिंतीकडे वळणार.

"सफिये," ते म्हणाले. "सफिये होतं तिचं नाव. तिच्या कबरीवर त्यांनी भलतंच लिहिलंय. वारली तेव्हा सरकारी कागदावर जे होतं ते. ते मी तोंडाने घेणार नाही."

"सफिये," नाझमियेने आतून म्हटलं. इतक्या वर्षांत तिने ते पहिल्यांदा ऐकलं होतं. ती चहाचे ग्लास घेऊन बाहेर आली आणि दिवाणाच्या कडेला टेकली. "दिसायला कशी होती?"

"बुटकी. तुझ्या खांद्याएवढी. तंबाखूमुळे बोटं कायम काळी, कितीही धुतली तरी. आम्हाला भाकरी द्यायची तर फडक्यात धरून द्यायची, डाग लागू नये म्हणून. आणि गाणं म्हणायची, पण एकच ओळ, पुढची येत नव्हती तिला..."

ते सांगत राहिले, आधी अडखळत, मग थांबेनात. ओट्याबद्दल, मागच्या दाराबद्दल, आलुबुखारच्या झाडाबद्दल. स्वप्नात काय दिसलं ते नव्हतं हे, खरंच जे होतं ते होतं. मध्येच चिडायचे, काही आठवलं नाही की. उस्ताने पेचकस पिशवीत टाकला आणि तिथेच फरशीवर मांडी घालून बसला. त्याला त्या दिवशी अजून दोन घरी जायचं होतं. त्याने खिशातून फोन काढला, बाल्कनीच्या कोपऱ्यात तोंड वळवून हळूच सांगितलं, आज जमत नाही, उद्या सकाळी येतो, आणि पुन्हा येऊन बसला.